दात-ओठ खाणाऱ्यांसाठी : दिवसातली पंधरा मिनिटं, तीन तुकड्यांत

दाढ दुखते म्हणून गेले होते. डॉक्टरांनी छोटा आरसा तोंडात फिरवला आणि विचारलं, "झोपेत दात खाता का हो?" मी नाही म्हटलं. "मग या दाढा कोणी झिजवल्या?" दात-ओठ खाणे, वाक्यात उपयोग करा, असं शाळेत यायचं. माझ्याच तोंडात त्याचा असा शब्दशः उपयोग चालू आहे हे वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी कळलं. तसं आभाळ काही कोसळलं नव्हतं. डोंबिवली ते सीएसएमटी रोजची लोकल, ऑफिसातला मार्चअखेर, सासूबाईंचं आजारपण, मुलाची दहावी. यातलं एकेक प्रत्येकाच्या घरी असतं. माझ्याकडे फक्त एक संपायच्या आत दुसरं हजर असायचं.

असा रोजचा, मुरलेला ताण ज्यांच्याकडे आहे आणि योगाच्या वर्गाला पहाटे साडेपाचला जाणं ज्यांना या जन्मी जमणार नाही, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. सकाळी सहा मिनिटं, दुपारी दोन, रात्री सात. तिसऱ्या आठवड्यापासून ध्यानाची पाच वेगळी. मी शिक्षिका नाही. चुकतमाकत शिकले आणि कुठे चुकले ते मला आठवतं, एवढंच माझं भांडवल.

आधी हे समजून घ्या

रस्त्यात कुत्रं अंगावर धावून आलं की छाती धडधडते, हातापायांत बळ येतं, श्वास वर चढतो. मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी अॅड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल रक्तात सोडतात. कुत्रं निघून गेलं की थोड्या वेळाने सगळं जागेवर येतं. शरीराची ही सोय उत्तमच आहे. अडचण अशी की रात्री दहाला ऑफिसच्या ग्रुपवर पडलेला मेसेज कुत्र्यासारखा निघून जात नाही. शरीर बिचारं पहाऱ्यावर उभंच राहतं. मग खांदे कानांकडे सरकतात, मान आखडते, पित्त उठतं, पहाटे तीनला टक्क जाग येते आणि मुलाने साधं "आई, डबा" म्हटलं तरी आपण खेकसतो.

"टेन्शन घेऊ नकोस" हा सल्ला देणाऱ्यांचं मला कौतुक वाटतं. जणू मी दुकानात जाऊन अर्धा किलो बांधून आणलं होतं. मनाला हुकूम सोडून ते सैल होत नाही. पतंजलींच्या योगसूत्रांच्या पहिल्या पादात चित्त विखुरलं की सोबत काय काय येतं ते सांगितलं आहे : दुःख, खिन्नता, अंगाला सुटणारा कंप आणि अस्थिर श्वास-प्रश्वास. यातल्या पहिल्या दोहोंना हात घालता येत नाही. अंग आणि श्वास यांना मात्र येतो. म्हणून सुरुवात तिथून करायची. ध्यान नंतर. बहुतेक जण उलट करतात, पहिल्याच दिवशी डोळे मिटून बसतात, डोक्यात मंडई भरते आणि "आपल्याला नाही जमत बुवा" म्हणून उठतात.

पहिला आठवडा : फक्त बारा श्वास

या आठवड्यात आसन नाही, चटई नाही, लवकर उठणंही नाही. खुर्चीवर पाठ टेकून बसा. तळपाय जमिनीला पूर्ण लागू द्या. ओठ मिटलेले, पण आत वरचे-खालचे दात एकमेकांना लागलेले नकोत. जबड्याचा हा सैलपणा मी आता दिवसातून पन्नास वेळा तपासते, आणि पन्नासातल्या चाळीस वेळा दात आवळलेलेच सापडतात.

आता नाकाने श्वास आत घेताना मनात चार अंक मोजा. सोडताना सहा मोजा. अंक साधारण सेकंदाच्या चालीने. मध्ये श्वास कोंडायचा नाही. सोडताना फुंकायचा नाही, नाकानेच हळू जाऊ द्यायचा. श्वास आत घेताना पोट थोडं पुढे येतं, सोडताना मागे जातं. येत नसेल तर एक हात बेंबीवर ठेवा, दोन-चार दिवसांत येतं.

मोजायला अॅप लागत नाही. उजव्या हाताचा अंगठा करंगळीच्या तळच्या पेरावर ठेवा. एक श्वास झाला की पुढचं पेर. चार बोटं, प्रत्येकाची तीन पेरं, म्हणजे बारा. आजी जप मोजायची तसंच. चार आणि सहा मिळून दहा सेकंद, बारा श्वासांची दोन मिनिटं होतात. घड्याळ बघायची गरज नाही आणि लोकलमध्ये चौथ्या सीटवर अर्धवट टेकलेलं असतानाही कोणाला पत्ता लागत नाही. उभ्याने करत असाल तर डोळे उघडे ठेवा. गाडी चालवताना मात्र श्वासाचे कोणतेच प्रयोग नकोत.

सोडणं लांब का? हे एकदा स्वतःवरच पडताळून पाहा. डाव्या मनगटाची नाडी उजव्या हाताच्या बोटांनी धरा आणि सावकाश श्वास घ्या. आत घेताना ठोके किंचित भरभर येतात, सोडताना रेंगाळतात. तरुणांना हे जास्त स्पष्ट लागतं, पन्नाशीनंतर जरा शोधावं लागतं. हृदयाला लगाम घालणारी व्हेगस नावाची मज्जातंतू श्वास सोडताना जास्त जोर धरते. आपण एरवी मिनिटाला बारा ते वीस श्वास घेतो. ते सहावर आणले आणि सोडणं लांबवलं की पहाऱ्यावरच्या शिपायाला 'आता बस' असा निरोप जातो.

याच हिशेबाची एक गंमत आहे. इटलीतल्या संशोधकांनी 2001 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक अभ्यास छापला. लॅटिनमधली रोझरीची, म्हणजे ख्रिस्ती जपमाळेची, प्रार्थना आणि 'ओम मणि पद्मे हुम' हा बौद्ध मंत्र म्हणायला लावला, तर दोन्हींत माणसांचा श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास आला. त्यामुळे ज्यांच्या घरी संध्याकाळी रामरक्षा किंवा हरिपाठ होतो, किंवा गोव्यात तेर्स, म्हणजे तीच रोझरी, होतो, त्यांनी ते सोडून माझे बारा श्वास धरायचं कारण नाही. घाई न करता, ओळ पूर्ण एका श्वासात म्हणा, तेच काम होतं. आमच्याकडे रामरक्षा मी इतक्या वेगात उरकायचे की तिचाच ताण यायचा.

चार-सहा जमत नसेल, गुदमरल्यासारखं वाटत असेल, तर घेताना तीन आणि सोडताना चार मोजा. चक्कर आली तर थांबा, नेहमीसारखा श्वास घ्या. आपण खूप खोल ओढतो आहोत असा त्याचा अर्थ. श्वास लांब हवा, मोठा नको.

हे बारा श्वास दिवसाच्या कुठल्या तरी पक्क्या खुंटीला टांगा. "वेळ मिळाला की करीन" म्हटलं तर होत नाही, मी तीन महिने तसं म्हणत होते. माझी खुंटी : दुपारचा डबा उघडायच्या आधी. तुमची कुकर लावल्यावरची असेल. गॅसवर दूध ठेवून मात्र करू नका. मी केलं आहे.

दुसरा आठवडा : सकाळची सहा मिनिटं

रात्रभर आवळून ठेवलेलं अंग आधी सोडवायचं. संडास आटोपल्यावर, चहाच्या आधी. आदल्या रात्रीच चटई किंवा जाड सतरंजी पलंगाशेजारी गुंडाळून ठेवा, म्हणजे सकाळी शोधाशोध नाही.

पहिलं ताडासन. पाय थोडे अंतरावर, बोटं गुंफून तळवे आभाळाकडे, श्वास घेत हात वर आणि टाचा उचला. दोन क्षण तिथे, सोडत खाली. चार वेळा. तोल जात असेल तर टाचा नका उचलू किंवा भिंतीजवळ उभे राहा.

मग कटिचक्रासन. पाय खांद्यांएवढे फाकवून उभं राहायचं, हात सैल, आणि कमरेतून डावी-उजवीकडे वळायचं. हात आपोआप अंगाभोवती फिरून गुंडाळतात. झटका नको, दहा-बारा वेळा पुरे. लहान मुलं कंटाळली की असंच करतात.

नंतर चटईवर गुडघे आणि हात टेकून मार्जारासन. श्वास घेताना पाठ खाली, मान वर. सोडताना पाठ कमानीसारखी वर, हनुवटी छातीकडे. मांजर उठल्यावर काय करतं ते पाहिलं असेल तर वेगळं शिकवावं लागत नाही. आठ वेळा. माझ्या मते ताणाने आखडलेल्या पाठीसाठी एकच आसन निवडायचं झालं तर हे. वेळ नसेल त्या दिवशी मी बाकी सगळं सोडते, हे नाही. गुडघे दुखत असतील तर खुर्चीत बसून, हात मांड्यांवर ठेवून पाठीची हीच हालचाल करा. खुर्ची घेतली म्हणून कमीपणा नाही. पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगारांनी खुर्च्या, पट्टे, लोड आणि भिंतीचा दोर यांच्या आधाराने आसनं शिकवली आणि ती पद्धत जगभर गेली.

तिथूनच मागे टाचांवर बसा आणि कपाळ जमिनीला टेकवा, हात पुढे : शशांकासन. कपाळ पोचत नसेल तर उशी घ्या. सहा श्वास पाठीत भरल्यासारखे घ्या. शेवटी उताणं पडून पवनमुक्तासन, दोन्ही गुडघे पोटाशी धरून जरा डुलायचं. झालं. सहा मिनिटांत होतं, कधी सात.

सूर्यनमस्कार का नाहीत, असं कोणीतरी विचारणारच. जमत असतील तर उत्तमच आहेत. पण नवख्या माणसाची गाठ पहिल्याच आठवड्यात मांडीच्या मागच्या दुखऱ्या शिरेशी पडते आणि तो विषय तिथेच संपतो.

आणि कपालभाती. टीव्हीमुळे आपल्याकडे योग म्हणजे कपालभाती असा समज झाला आहे. हठप्रदीपिका या हठयोगाच्या जुन्या ग्रंथात तिची गणती प्राणायामात नाही, षट्कर्मांत, म्हणजे शुद्धिक्रियांत आहे. भराभर पोट आपटून श्वास फेकल्याने तरतरी येते. आधीच पहाऱ्यावर उभ्या असलेल्या शरीराला आणखी तरतरी कशाला? ज्यांना शिकायची आहे त्यांनी शिक्षकासमोर शिकावी. ताणासाठी म्हणून एकट्याने सुरू करू नये.

कोणी काय टाळावं

रक्तदाब जास्त असेल तर श्वास कोंडू नका आणि डोकं खाली जाईल अशी आसनं डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. काचबिंदू असलेल्यांनीही डोकं खाली घालणं टाळावं, म्हणजे वरचं शशांकासन त्यांच्यासाठी नाही. गरोदरपणात पोटावर दाब येणारं काही करू नये. पोटाचं ऑपरेशन, हर्निया, मणक्याचा त्रास, अलीकडचा हृदयविकार असेल तर आधी डॉक्टर. बारा श्वास मात्र यातले जवळजवळ सगळेच करू शकतात. चालू असलेल्या गोळ्या "आता योग करतो ना" म्हणून बंद करायच्या नाहीत.

दुपार

दुपारी फक्त बारा श्वासच. त्याआधी खांदे पाच वेळा मागच्या दिशेने गोल फिरवा आणि खुर्चीतच एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे वळा. आयुष मंत्रालयाने 2021 साली नोकरदारांसाठी 'वाय-ब्रेक' नावाचं पाच मिनिटांच्या सत्राचं अॅप आणलं, त्यातही ताडासन, खांद्यांचे फेरे, नाडीशोधन म्हणजे आळीपाळीने एकेका नाकपुडीने श्वास, भ्रामरी (ती खाली रात्रीच्या तुकड्यात येते) असंच आहे. ऑफिसात उभं राहून हात वर करायची लाज वाटत नसेल तर तेही चांगलं. मला लाज वाटते.

रात्रीची सात मिनिटं

माझ्यासाठी सगळ्यात मोलाचा तुकडा हाच. फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावून या. हे लिहायला सोपं आहे.

पहिली दोन-तीन मिनिटं पाय भिंतीवर. भिंतीला एक कुल्ला लावून आडवं बसायचं, मग वळून पाठ जमिनीवर आणि पाय भिंतीवर टाकायचे. बूड भिंतीपासून वीतभर लांब राहिलं तरी चालतं. गुडघे थोडे वाकले तरी चालतात. दिवसभर उभ्याने प्रवास करणाऱ्यांच्या पोटऱ्यांना काय वाटतं ते पहिल्याच दिवशी कळेल. हे नको असणाऱ्यांनी खाली पडून पोटऱ्या खुर्चीच्या बैठकीवर ठेवाव्यात.

मग पाच भ्रामरी. बसून किंवा पडून, दात सुटे, ओठ बंद, श्वास सोडताना घशातून भुंग्यासारखा गुंजारव. आवाज मोठा नको, गालांत आणि कवटीत थरथर जाणवली की बरोबर. घरातल्यांनी हसू नये म्हणून सुरुवातीला मी स्वयंपाकघरात एक्झॉस्ट फॅन लावून करायचे. सासूबाईंनी आतून विचारलं होतं, "मिक्सर एवढ्या रात्री?"

शेवटी शवासन. पाय पसरून, हात अंगापासून थोडे दूर, तळवे वर. पायांच्या बोटांपासून लक्ष वर न्यायचं : बोटं, घोटे, पोटऱ्या, गुडघे. प्रत्येक ठिकाणी एक श्वास थांबायचं आणि ती जागा जमिनीवर टाकून द्यायची. जिथे काहीच जाणवत नाही तिथे न जाणवणं नोंदवून पुढे. जबड्यापाशी दोन श्वास जास्त, जीभही टाळूपासून सुटू द्या. कपाळ, भुवया, डोक्याची कातडी. मध्येच झोप लागली तर लागू द्या, कमरेपर्यंत पोचले आणि घोरले असे माझे कितीतरी दिवस आहेत. उठायचं असेल तर आधी कुशीवर वळून, मग हाताच्या आधाराने.

पहाटे तीनला जाग आली तर घड्याळ बघायचं नाही. पडल्या पडल्या पेरं मोजा. झोप लागेलच असं नाही, पण उद्याच्या मीटिंगचा विचार निदान एकटा राहत नाही.

तिसऱ्या आठवड्यापासून : ध्यानाची पाच मिनिटं

आता अंग जरा ओळखीचं झालेलं असतं. सकाळच्या आसनांनंतर लगेच, त्याच चटईवर. दुमडलेल्या चादरीची चार बोटं उंच घडी करून तिच्या कडेवर बसा, म्हणजे गुडघे खाली जातात आणि पाठ न ताणता सरळ राहते. मांडी नसेल जमत तर खुर्ची. फोनवर पाच मिनिटांचा गजर, पण कर्कश नको.

लक्ष नाकपुडीच्या कडेवर. आत येणारी हवा किंचित गार लागते, जाणारी कोमट. श्वास लांबवायचा नाही, मोजायचा नाही, जसा आहे तसा पाहायचा. दोन-तीन श्वासांत मन निघून जाईल. दुधाचे पैसे द्यायचे राहिले, तिने तसं का म्हटलं, कूलरचं पाणी. कधीतरी लक्षात येईल की आपण नाकावर नाही, कूलरवर आहोत. चरफडू नका. परत नाकावर. पाच मिनिटांत असं तीस वेळा झालं तर तीस वेळा परत यायचं, व्यायाम तोच आहे. मन कोरं करून बसायचं असतं, असं मला कोणीतरी सांगितलं होतं आणि त्यापायी माझं एक वर्ष वाया गेलं.

इगतपुरीच्या धम्मगिरीवर गोएंका गुरुजींच्या परंपरेतली दहा दिवस मौन पाळून करायची विपश्यना ध्यानाची शिबिरं चालतात. त्यांत पहिले तीन दिवस केवळ श्वास पाहण्यात जातात. दिवसभर बसणाऱ्यांना तीन दिवस लागतात, तर आपली पाच मिनिटं डळमळली यात नवल काय? पण नवख्या माणसाने एकदम दहा दिवसांच्या मौनाला जाऊ नये, असं माझं मत आहे. पोहायला शिकताना कोणी थेट मुरूडच्या समुद्रात उडी मारत नाही.

डोळे मिटल्यावर काहींना शांत वाटण्याऐवजी छाती भरून येते, जुने प्रसंग समोर येतात, घाबरं होतं. तसं झालं तर डोळे उघडा, समोरच्या एका वस्तूकडे पाहा, पाय जमिनीवर दाबा. ध्यान काही दिवस बाजूला ठेवा, आसनं आणि चालणं चालू राहू द्या. पंधरा दिवसांहून जास्त झोप-भूक गेली असेल, कशातच रस नसेल, जगणं नकोसं वाटत असेल तर ते चटईचं काम नाही. डॉक्टरांकडे जा, किंवा 14416 या टेली-मानसच्या क्रमांकावर बोला. सरकारी सेवा आहे, मोफत आहे, चोवीस तास चालते.

शिकवणाऱ्याची गरज वाटली तर आपल्या राज्यात पर्याय जुने आणि भरवशाचे आहेत. सांताक्रूझची योग इन्स्टिट्यूट 1918 सालापासूनची. लोणावळ्याचं कैवल्यधाम स्वामी कुवलयानंदांनी 1924 मध्ये काढलं, आणि आसन-प्राणायामाचा शरीरावर काय परिणाम होतो हे प्रयोगशाळेत मोजून 'योगमीमांसा' या नियतकालिकात छापायची प्रथा त्याच वर्षी पाडली. सोसायटीच्या हॉलमधला वर्गही वाईट नसतो. शिकवणारी व्यक्ती तुमची दुखणी आधी विचारते का, एवढं पाहा. न विचारता कमरेवर हात ठेवून दाबणारी असेल तर चटई गुंडाळा.

खंड पडला तर

पडतोच. माझा दहावीच्या परीक्षेत पडला, गणपतीत पडतो, माहेरी गेले की पडतो. सोमवारची वाट न बघता त्याच दिवशी दुपारचे बारा श्वास करायचे, बाकी दोन तुकडे मागून येतात. सकाळ चुकली म्हणून रात्री दुप्पट करू नका, ती वसुली होते.

नोंद ठेवायला कालनिर्णय बरं. दूध न आल्याची खूण करतो त्याच चौकोनात, कोपऱ्यात पेन्सिलने टिंब. सकाळचं एक, दुपारचं एक, रात्रीचं एक. महिनाअखेर दुधाचा हिशेब करताना आपोआप दिसतं. माझ्याकडे दुपारची टिंबं सगळ्यात जास्त असतात, सकाळची सगळ्यात कमी, आणि मार्चच्या पानावर सगळी मिळून एकोणीस. दातांचं म्हणाल तर डॉक्टरांनी रात्री घालायला प्लास्टिकचं कवच करून दिलं होतं, ते अजून घालते. फक्त आता ते सकाळी तोंडातच सापडतं, रागाने चावून उशीखाली फेकलेलं नसतं.